बेसिनमधला काळा वजीर

काळा वजीर बेसिनच्या भोकात असा काही बसला, की जणू त्याची कायमची नेमणूकच तिथे झाली होती.

आपण होऊन बसला नव्हता बिचारा, बसवला होता. बसवणाऱ्या गृहस्थाला सगळी इमारत 'मुद्देसूद' म्हणायची. जिन्यात नुसतं "काय, बरं आहे ना?" विचारलं तरी हा "यात तीन मुद्दे आहेत" म्हणून सुरू व्हायचा आणि तिसरा मुद्दा संपेपर्यंत विचारणाऱ्यालाच बरं वाटेनासं व्हायचं. नोकरी सरकारी कचेरीत, कोरे फॉर्म तयार करायच्या विभागात. रकाने नीट आखले की जगातली कुठलीही अडचण सुटते, यावर त्याचा गाढ विश्वास. तर एका सकाळी तो दाढीसाठी गरम पाणी साठवायला गेला आणि पाहतो तर बेसिनचं बूच गायब. दुसऱ्या कोणी मगात पाणी घेतलं असतं आणि विषय मिटवला असता. याने घरभर नजर फिरवली, बुद्धिबळाच्या डब्यातून काळा वजीर उचलला, उलटा धरला आणि दाबला. फिट्ट! दाढी होईपर्यंत पठ्ठ्या स्वतःवर इतका खूश होता की शीळ घालत होता.

दाढी झाली. वजीर निघेना. ऑफिसला उशीर होत होता, म्हणून "संध्याकाळी बघू" असं म्हणून तो गेला. संध्याकाळपर्यंत लाकडाने भरपूर पाणी पिऊन चांगलं अंग धरलं होतं. पक्कड लावली तर वजिराचा तळ हातात आला आणि मुंडकं आतच राहिलं. शेवटी प्लंबरला बोलावलं. त्याने ड्रिल घालून आतल्या भागाचा भुगा केला. जाता जाता पाइपात डोकावून म्हणाला, "राजाबिजा नाही ना आत? असला तर आत्ताच सांगा, परत येणार नाही मी."

इथवर हसण्यासारखं होतं. पण तो डबा होता सासऱ्यांचा. सासरे म्हणजे खरादी, लाकूड यंत्रावर गरगर फिरवून त्याला आकार देणारे कारागीर. छत्तीस वर्षं एका फर्निचरच्या कारखान्यात त्यांनी टेबलांचे पाय घडवले होते. ज्या वर्षी मुलगी झाली, त्या वर्षी रोज जेवणाच्या सुट्टीत थोडंथोडं करून त्यांनी ते बत्तीस मोहरे घडवले. आता हाताला कंप सुटला होता. चार महिन्यांसाठी मोठ्या मुलाकडे जाताना त्यांनी डबा मुलीच्या घरी ठेवला आणि जावयासमोर हात पुढे धरून दाखवला. बोटं थरथरत होती. "सांभाळा, जावईबापू," ते म्हणाले, "माझ्याच्याने आता यातलं एकही परत होणार नाही."

जावयाविषयी त्यांचं मत आधीपासूनच पक्कं होतं. "पेन्सिलीला टोक काढायला सांगितलं तर आधी अर्ज मागवतील," असं ते चारचौघांत म्हणत. आणि आता तीन आठवड्यांनी, रविवारी, ते दोन दिवसांसाठी येणार होते. आल्या आल्या काय म्हणणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "काढा डबा."

"सरळ सांगून टाका ना," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिची उत्तरं एका ओळीत असतात.

"सांगायचं काय? की तुमच्या छत्तीस वर्षांच्या कौशल्याने मी दाढीचं पाणी अडवलं?"

"हो."

"त्यापेक्षा नवा करणं सोपं आहे," मुद्देसूद म्हणाला, आणि इथून त्याच्या अधःपतनाला सुरुवात झाली.

तो सुताराकडे गेला. सुतार दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. रंधा न थांबवता त्याने सगळं ऐकून घेतलं. "एक नग कोणी करत नाही हो. खराद्याचं काम ते, आणि खरादी राहिलेत कुठे? सगळं तयार येतं आता." मुद्देसूदाचा चेहरा इतका पडला की सुताराला दया आली. "तुम्हीच करा की. लेथ लेथ म्हणजे काय मोठंसं? लाकूड फिरतं आणि हत्यार थांबतं. संपलं."

हे वाक्य बोलल्याबद्दल त्या सुताराला पुढे अख्ख्या इमारतीने शिव्या घातल्या. मुद्देसूदाने मात्र ते डायरीत उतरवून घेतलं. दोनच मुद्दे! एक फिरतं, एक थांबतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याइतकं नेमकं बोललं होतं. पिशवीभर लाकडाचे तुकडे घेऊन तो घरी आला. थांबणारं हत्यार म्हणजे पटाशी, ती विकत मिळाली. राहता राहिलं फिरणारं. घरात फिरणारं काय काय आहे याची त्याने यादी केली. पंखा, मिक्सर, बायकोचं डोकं. चौथ्या क्रमांकावर कपडे धुण्याचं मशीन होतं.

"चालू मशीन आहे ते!" बायको ओरडली.

"आहे. पण त्याची उपयुक्तता तपासली तर... म्हणजे बघ, कपडे हातानेही धुता येतात. वजीर हाताने होत नाही."

"बरं," बायको म्हणाली. एवढ्या शांतपणे ती 'बरं' म्हणते तेव्हा वर्गातली मुलं वह्या लपवतात. "मग धुवा."

आणि तीन आठवडे मुद्देसूदाने धुतले. चादरी, टॉवेल, पडदे, सगळं. बाल्कनीत अर्ध्या चड्डीवर उकिडवा बसून साबण चोळताना त्याला समोरच्या इमारतीने पाहिलं, दूधवाल्याने पाहिलं आणि एकदा त्याच्या स्वतःच्या साहेबांनी रस्त्यावरून पाहिलं. साहेबांनी हात हलवला. याचे दोन्ही हात फेसात होते, म्हणून याने मान लववली. त्या दिवशी ऑफिसात साहेब त्याच्याशी फार हळुवारपणे बोलले, आणि तेच त्याला जास्त लागलं.

आता मशीनची मोटर काढायची म्हणजे दोन तारा सोडवायच्या, असं आपल्याला वाटतं. आत तारा निघाल्या सव्वीस. कुठली कशाची, काही पत्ता लागेना. तेव्हा त्याने शहाणपणा असा केला की मोटर, तिच्या सगळ्या तारा, बटणांचा डबा आणि वरचं झाकण, असं सगळंच्या सगळं उचलून बाल्कनीत दोन फळ्यांवर स्क्रूने आवळलं. एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला टोकदार बोल्ट, मध्ये चिमटीत धरल्यासारखा लाकडाचा तुकडा. दिसायला लेथ झकास. बटण दाबलं. काहीच नाही.

कारण मशीनचा समज असा होता की आपण अजून मशीनच आहोत. टबात पाणी भरल्याशिवाय ते फिरेना. पाणी किती भरलं हे त्याला एका बारीक रबरी नळीतून कळतं, हा शोध लागायला चार दिवस गेले. मग मुद्देसूदाने ती नळी तोंडात धरून फुंकली आणि फुंकर आत राहावी म्हणून नळीला कपड्यांचा चिमटा लावला. मशीनला वाटलं, भरलं पाणी. घुर्र करून लाकूड फिरायला लागलं. मुद्देसूदाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पटाशी उचलली, टेकवली, पहिला कपचा उडाला, दुसरा उडाला, आणि लाकूड थांबलं. क्षणभर विचार केला आणि उलटं फिरायला लागलं.

कपडे असेच तर धुतात! चार गिरक्या इकडे, चार गिरक्या तिकडे. पटाशी हातातून सुटून साबणाच्या बादलीत पडली. पण हार मानेल तो मुद्देसूद कसला! त्याने घड्याळ लावून मोजलं. अकरा सेकंद सुलट, चार सेकंद विश्रांती, अकरा सेकंद उलट. म्हणून तो अकरा सेकंद कोरायचा, चार सेकंदांत टुणकन उडी मारून लेथच्या पलीकडच्या बाजूला जायचा आणि तिकडून अकरा सेकंद कोरायचा. यंत्र थांबवायचं तर झाकण उघडायचं, ज्याच्याखाली काहीच नव्हतं. आणि हे सगळं ठेवायचं 'नाजूक कपडे' या बटणावर. 'सुती'वर ठेवलं की लाकूड जळायचं.

लेथ फिरायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरी दारातून कधी आत येत नाहीत, आधी नोटीस आत येते.

"रहिवासी इमारतीत कारखाना," ते म्हणाले. "आवाज, भुगा, आणि तुमच्या त्या उड्या. खालच्या मजल्यावर झुंबर हलतंय."

"हा कारखाना नाही."

"मग कारखाना नसल्याचा दाखला आणा."

सेक्रेटरींना वाटलं, आता हा गप बसेल. मुद्देसूदाचा चेहरा मात्र उजळला. आयुष्यात कधी नव्हे ती अडचण त्याच्या अंगणात खेळायला आली होती. दाखला! रजा टाकून तो दुसऱ्याच दिवशी परवाना कचेरीत हजर झाला.

खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, "नसल्याचा दाखला देत नाही आम्ही. असल्याचा देतो. आधी कारखाना नोंदवा, मग बंद करा. बंद केल्याचा दाखला मिळेल, तोच नसल्याचा समजायचा." आणि फॉर्म पुढे सरकवला. मुद्देसूदाने फॉर्म पाहिला आणि त्याला भरून आलं. फॉर्म त्यानेच तयार केलेला होता. नऊ वर्षांपूर्वी, सदतीस रकाने. त्याची प्रत्येक ओळ त्याला पोटच्या पोरासारखी ओळखीची होती. पण भरायला बसला तेव्हा कळलं की हा फॉर्म माणसाने भरायचा नाहीच. कामगार किती? एक. पाळ्या किती? चहानंतर एक. कामगारांसाठी प्रसाधनगृह आहे का? आहे, पण त्याच्याच बेसिनमुळे हा प्रसंग ओढवला, असं लिहायला जागा नव्हती. "हे रकाने कुठल्या गाढवाने आखलेत?" शेजारच्या बाकावरचा माणूस करवादला. मुद्देसूद खाली मान घालून लिहीत राहिला.

एकोणतिसावा रकाना होता, 'यंत्राचे मूळ प्रयोजन'. खोटं लिहिणं त्याच्या रक्तात नाही. त्याने लिहिलं, 'कपडे धुणे.' कारकुनाने फक्त तेवढंच वाचलं. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! घरगुती धुलाईला काही लागत नाही." आणि धाडकन शिक्का मारून दिला. 'सदर यंत्र घरगुती धुलाईचे असून परवान्याची आवश्यकता नाही.' सेक्रेटरींनी तो कागद तीनदा वाचला, उलटून पाहिला, उजेडात धरला आणि निघून गेले. त्यांच्या स्वतःच्या बाल्कनीतही मशीन होतं.

एवढा विजय डोक्यात गेला आणि घात झाला. शनिवारी सकाळी वजीर जवळजवळ होत आला होता. म्हणजे त्याला खालचा भाग होता, वरचा भाग होता आणि मध्ये कंबर असावी असा संशय घेता येत होता. मुद्देसूद उड्या मारत होता. उलट, सुलट, उलट, सुलट. रंगात आलेल्या माणसाला 'नाजूक कपडे' शेवटी पिळावे लागतात हे कसं आठवणार? मशीनने एक सुस्कारा सोडला, थांबलं आणि मग जे सुटलं! फळ्या थडथडायला लागल्या, बादली चालायला लागली. मुद्देसूद झाकणाकडे झेपावला. तोवर वजीर सुटला, कठड्यावरून गेला आणि दिसेनासा झाला.

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात, दवाखानाही तिथेच. पाच मिनिटांत त्या वर आल्या. रुमालात धरलेली वस्तू त्यांनी पुढे केली.

"माझ्या कुंडीत पडली. दाढ म्हणून बघितली तर उत्तम आहे, तीन मुळं दिसतायत. काय करताय तुम्ही?"

मुद्देसूद खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. मुद्दे न घालता सांगितलं, यावरून त्याची अवस्था लक्षात यावी. "उद्या येतायत ते," तो म्हणाला. "माझ्या हातून मोडलेली एक वस्तू मला पुन्हा घडवता येत नाही. नावं ठेवतात ते बरोबरच आहे त्यांचं."

"दाबता फार तुम्ही," बाई तुकड्यावरून बोट फिरवत म्हणाल्या. "आमच्यातही नवे लोक हेच करतात. धार आपलं काम करते, आपण नुसतं धरायचं असतं. आणि हो, माझ्या पेशंटसमोर पुन्हा असं काही पडू देऊ नका. मघाच्या बाई खुर्चीतनं उठून पळाल्या."

रविवारी सासरे आले. चहा झाला. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तरी बशीत थोडा सांडलाच. मग कप ठेवून म्हणाले, "काढा डबा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मुद्देसूदाने डबा आणून समोर ठेवला. सासऱ्यांनी झाकण काढलं, एका नजरेत एकतीस मोजले. "काळा वजीर?"

"बाबा, यात तीन मुद्दे आहेत," मुद्देसूद म्हणाला आणि मोजायला वर केलेल्या बोटांतली दोन त्याने खाली घेतली. "नाही, एकच आहे. मी त्याचं बूच केलं. बेसिनमध्ये अडकला, फुगला, फोडून काढावा लागला. माझी चूक."

सासरे डब्यातल्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"बेसिनमध्ये?"

"हो."

"बसला बरोबर?"

"अगदी फिट्ट."

"थेंब गळत होता?"

"एकही नाही, बाबा."

"गळेल कसा?" सासरे म्हणाले. "मी केलेला होता."

पण आवाज कोरडा पडला होता. ते उठले आणि उगाच बाल्कनीकडे गेले. मुद्देसूदाला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की बाल्कनीत काय आहे हे तो विसरूनच गेला. आठवलं तेव्हा उशीर झाला होता.

"हे काय आहे?" बाल्कनीतून आवाज आला.

"लेथ," बायको म्हणाली.

"चालवून दाखवा, जावईबापू."

मुद्देसूदाने नवा तुकडा बसवला, नळी फुंकली, चिमटा लावला, झाकण बंद केलं, 'नाजूक कपडे' दाबलं. अकरा सेकंद कोरलं. टुणकन उडी मारून पलीकडे गेला. अकरा सेकंद कोरलं. परत उडी मारून अलीकडे आला. आणि सासरे हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग कठडा धरला, मग स्टूल ओढून खाली बसले आणि टोमॅटोगत लाल होऊन डोळे पुसत राहिले. बायकोने वडिलांना असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तीही हसायला लागली. उड्या थांबवायच्या की नाहीत हे न कळल्यामुळे मुद्देसूदाने आणखी दोन मारल्या.

"पुरे रे, मरेन मी," सासरे म्हणाले. "तो बटणांचा डबा काढून फेक. मोटरच्या या दोन तारा सरळ भिंतीवरच्या बटणाला जोड. एकाच बाजूला फिरेल." मुद्देसूदाला तीन आठवडे जे जमलं नव्हतं ते चहा गार व्हायच्या आत झालं.

मग सासऱ्यांनी पटाशी मागितली. अंगठ्यावर धार पाहिली, तोंड वाकडं केलं, लाकडाला टेकवली. हात थरथरला. लाकडावर ओरखड्यांची माळ उमटली. त्यांनी पटाशी हळूच खाली ठेवली आणि समोरच्या इमारतीकडे बघत म्हणाले, "बघ, हे असं आहे."

त्या क्षणी मुद्देसूदाला जे वाटलं ते कुठल्याही रकान्यात बसणारं नव्हतं. त्याला रडायला येत होतं. त्याने पटाशी उचलली आणि म्हणाला, "बाबा, मी धरतो घट्ट. तुम्ही माझं मनगट धरा आणि न्या कुठे न्यायचं ते."

"एकाच्या हाताला कंप आणि दुसऱ्याच्या हाताला अक्कल नाही," बायको म्हणाली. "करा, एवढं काय ते मिळून करा."

दुपारभर बाल्कनीतून सासऱ्यांचा आवाज येत होता. "दाबू नकोस. अरे, दाबू नकोस म्हटलं ना! चाटू दे तिला नुसतं. आता वळव. वळव, गाढवा." 'जावईबापू' कुठे गळून पडलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. चारच्या सुमाराला वजीर झाला. डावीकडे किंचित कललेला होता, कुणाचं तरी ऐकत उभा असल्यासारखा. बुटाच्या पॉलिशने काळा केला आणि पटावर ठेवला. दोन डाव झाले, दोन्ही सासऱ्यांनी जिंकले, आणि दोन्ही वेळा तो वाकडा वजीर त्यांनी स्वतःकडे घेतला होता.

"उद्या दुपारी निघतो मी," डबा आवरताना ते म्हणाले. "थोरला वाट बघत असेल." मग बाल्कनीकडे एकदा पाहिलं.

सोमवारी सकाळी मुद्देसूद दात घासायला गेला. बेसिन काठोकाठ भरलेलं होतं. तळाशी, स्वच्छ पाण्याखाली, पांढरा वजीर उलटा, घट्ट, फिट्ट बसलेला. त्याने ओढून पाहिलं. तसूभर हलेना. लाकडाने चांगलं पाणी प्यायलं होतं.

तो तसाच ब्रश हातात धरून बाहेर आला. सासरे दोन्ही हातांत कप धरून पेपर वाचत होते. बॅग भरलेली नव्हती.

"बाबा, तो पांढरा..."

"अरे, अरे," सासरे मान वर न करता म्हणाले. "अडकला वाटतं? आता काही निघायचा नाही तो. दुसरा करावा लागणार. सुट्टी टाक आजची."

मुद्देसूदाने ब्रश खिशात खोचला. तो बाल्कनीत गेला आणि पिशवीतून चांगलासा लाकडाचा तुकडा शोधायला लागला.

"आणि काय रे," मागून आवाज आला, "स्वयंपाकघरातल्या सिंकचं भोक केवढं आहे? हत्ती बसेल का त्यात?"